तव्यावरचा थेंब

दत्ता, तुझी शेवटची टाकी बिघडली. दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगते, कारण तुझं काय चुकलं ते तुला सांगायचं काम इतकी वर्षं माझ्याकडेच होतं.

रडू आलेलं नाही, हेही सांगून टाकते. तुझ्या घरी गेले की मंगलवहिनी अधूनमधून माझ्याकडे बघतात, बहुतेक त्यासाठीच. मी जेवते, झोपते, गिरणीतून पीठ आणते, गॅसचा नंबर लावते. कुणी तुझा विषय काढला की "हो ना" म्हणते. दाताच्या डॉक्टरने बधिर केलेल्या दाढेला जीभ लावून बघावी, तसं मी मधूनच तुझं नाव घेऊन बघते. काही होत नाही. तुला मी उठताबसता 'मेल्या' म्हणायची आणि तू दात काढायचास. आता तो शब्द तोंडाशी आला की गिळते आणि दुसरं काहीतरी बोलते.

दहाव्याला घाटावर कावळा झटकन शिवला. पान ठेवून माणसं मागे सरकली नाहीत तोच आला. "सुटला आमचा दत्ता, त्याचं काय मागं राहिलं न्हवतं," तुझे चुलते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अरे, अख्खी टाकी मागे राहिली होती! कावळ्याला केमिस्ट्री कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपण बीएस्सीला एका बाकावर होतो. तू चाकणच्या पलीकडच्या गावचा, मी सांगवीची. तू पिंपरीत रंगाच्या कंपनीत लॅबला चिकटलास, मी ज्युनियर कॉलेजात फळ्यावर तीच तीच समीकरणं लिहीत राहिले. कंपनीने तुला मोकळं केलं, मी रिटायर झाले, आणि एक दिवस तू दारात उभा. चपला न काढताच म्हणालास, "मास्तरीण, रिकामीच हायेस ना? चल, वड्याच्या तेलावर बस चालवू." मी म्हटलं, आधी चपला काढ. तुला चहा दिला आणि झाले सामील. ह्यालाच म्हणतात रिकामपणचे उद्योग.

टाकळकरांनी शेड दिली. त्यांच्या बसगाड्या कंपन्यांच्या शिफ्टच्या माणसांची ने-आण करतात, आपलं बायोडिझेल त्यांच्याच गाड्यांत डिझेलमध्ये मिसळून जातं. सुरुवातीला आपण सगळे करतात तसंच करत होतो. वडेवाल्यांचं जळकं तेल, त्यात मिथेनॉल, त्यात कॉस्टिक सोडा. तापवायचं, ढवळायचं, शांत ठेवायचं. खाली काळं ग्लिसरीन बसतं, वर पिवळं इंधन येतं. मग ते इंधन पाण्याने धुवायचं. परत धुवायचं. साबण निघून जाईपर्यंत धुतच राहायचं. ते पांढरं पाणी टँकरवाला घेऊन जायचा. कुठे, ते आपण विचारलं नव्हतं.

एकदा तू मोटारसायकल काढून त्या टँकरच्या मागे गेलास. परत आलास तेव्हा तोंडावर धूळ होती आणि तू बराच वेळ हात धूत होतास. मग म्हणालास, "अलके, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओततोय. ओढ्यात." मी म्हटलं, कशावरून आपलंच पाणी, टँकर दहा ठिकाणचं भरत असेल. तू मान हलवलीस. "वासावरून वळखलं," म्हणालास. "ह्याच ओढ्यात मी पवायला शिकलो. नाव हिरवं इंधन आणि खाली म्हशी फेस पित्यात."

त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात टरफलं शिरली.

अंड्याचं टरफल चांगलं भाजलं की त्याचा कळीचा चुना होतो. तो चुना कॉस्टिकचंच काम करतो, पण तेलात विरघळून बसत नाही. काम झालं की गाळून घ्यायचा, पुन्हा भाजायचा, पुन्हा वापरायचा. धुवायला पाणी जवळजवळ लागत नाही. हे मला ठाऊक होतं. ते शेडमध्ये, रोज वेगळ्या गाडीवरून येणाऱ्या तेलावर चालेल, हे मला पटत नव्हतं. "प्रयोगशाळेत सगळेच शहाणे असतात," मी म्हणायची. तू भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडून त्याची टाकून दिलेली भट्टी उचलून आणलीस. काळेवाडीच्या भुर्जीवाल्याला पोतं देऊन ठेवलंस. आणि टरफलं वाळत घातलीस कुठे, तर स्वतःच्या गच्चीवर, गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या बायकोच्या कुरडयांच्या शेजारी!

मंगलवहिनींनी आयुष्यात अंड्याला हात लावलेला नव्हता. शेजारच्या बाया विचारायला लागल्या, "मंगल, माळ काढली का गं?" त्या तुझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. आणि मग पाडव्याचा तो प्रकार. भाजलेल्या टरफलांची पूड तू पापडाच्या डब्यात घालून ठेवलीस, कारण हवा लागली की ती खराब होते आणि वहिनींच्या पापडाच्या डब्याइतकं घट्ट झाकण पंचक्रोशीत कशाचं नव्हतं. वहिनींना वाटलं, नवरा सणासाठी रांगोळी घेऊन आलाय. पांढरीशुभ्र, हाताला मऊ. दारात मोठी रांगोळी काढली, आणि संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघाली. तू बोटांना तूप लावत बसला होतास आणि त्या म्हणत होत्या, "तीस वर्षांत एकदा कायतरी माझ्यासाठी आणलं आसंल आसं वाटलं होतं, त्ये बी टाकीचंच निगालं." मी सोफ्यावर लोळून हसले. तूही हसलास, पण दुसऱ्या दिवशी दुकानातून रांगोळीचे सात रंग घेऊन गेलास, ते मला वहिनींनीच सांगितलं.

तर चुना. त्याची एकच खोड आहे, त्याला ओल सोसत नाही. तेलात पाणी राहिलं की तो मान टाकतो आणि सगळी टाकी नासते. म्हणून आधी तेल वाळवायचं. मोठ्या पातेल्यात तापवायचं, पाणी तडतडत निघून जाईपर्यंत. तू म्हणायचास, "चूल पेटवायच्या आधी सरपण वाळवतो का न्हाई आपण?" तुझ्याकडे वहिनींचा जुना बिडाचा तवा होता. पातेल्यातली तडतड थांबली की तो तापवायचास आणि त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचास. थेंब तडतडला, की अजून पाणी आहे. गप्प पडून राहिला, की झालं. माझ्याकडे ह्यासाठी चांगली शास्त्रीय पद्धत होती आणि मी ती वापरायचीही. दोघांचं उत्तर एकच यायचं, पण तवा तू सोडला नाहीस.

आणि तुझा तो नियम. तेल वाळत असताना बसायचं नाही. मी एकदा खुर्ची ओढली तर खेकसलास, "ऊठ. बसल्यावर तडतड ऐकू येत न्हाई."

"बसल्यावर पायांना आराम मिळतो, दत्ता. कान आहेत तिथेच असतात."

"पाय बसले की कान बी बसत्यात. ऊठ."

माझे गुडघे आणि तुझे कान, हा आपला कधीही न मिटणारा वाद. तू तेवढा वेळ पातेल्यापाशी, पंढरीचा विठोबा उभा असतो तसा, कमरेवर हात ठेवून. मी दाराच्या चौकटीला टेकून, कारण टेकणं म्हणजे बसणं नव्हे असं मी तुझ्याकडून एकदाचं कबूल करून घेतलं होतं.

दुसरे वाद होतेच. मी म्हणायची, चुना थोडा तरी इंधनात उतरतोच, शेवटी थोडं धुवावं लागणार. तू म्हणायचास, भुशातून गाळू. चाकणला मशिनांची लाकडी खोकी बनवणाऱ्यांकडे भुशाचे डोंगर पडलेत. अर्धा पिंप भुसा भरून ठेवलास आणि तो वाद तिथेच राहिला. तो भुसा अजून तसाच आहे.

टाकळकर माणूस सरळ आहे. त्यांनी सांगितलं होतं, "दत्ताभाऊ, छोट्या टाक्या पुष्कळ झाल्या. एक मोठी टाकी स्वच्छ काढून दाखवा. नाही निघाली तर भट्टी भंगारात आणि कॉस्टिकचे ड्रम परत. माझी बस पहाटे रस्त्यात बंद पडली तर शिफ्टची माणसं मला फाडून खातील." ह्यात त्यांचं काय चुकलं? आणि कॉस्टिक परत म्हणजे टँकर परत, टँकर परत म्हणजे ओढा परत, हे आपल्याला दोघांनाही न बोलता कळत होतं.

ती मोठी टाकी लावायची त्याच दिवशी माझ्या भाचीचा साखरपुडा होता, तळेगावला. मी म्हटलं, उद्या लावू. तू म्हणालास, "तू जा. पेढे आण. टाकी काय माझ्या एकट्याच्या हातनं लागत न्हाई व्हय?" मी गेले. जेवणाच्या पंगतीत असताना फोन आला. तू दुपारी घरी आलास, जरा अॅसिडिटी झालीय म्हणालास, दिवाणावर आडवा झालास आणि वहिनींनी जिऱ्याचं पाणी करून आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून त्रास होत असणार ह्यांना." वहिनी पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होत्या, "मला तर कायच बोलले न्हाईत." पेढ्यांचा पुडा माझ्या पर्समध्ये होता. अजून फ्रीजमध्ये आहे. खाववत नाही आणि टाकवतही नाही.

तेराव्यानंतर टाकळकरांचे फोन सुरू झाले. "घाई नाही हं मॅडम," म्हणायचे आणि मग विचारायचे, "ती टाकी बघितली का?" मी म्हणायची, उद्या जाते. एके दिवशी कंटाळून खरंच गेले.

झाकण उघडलं. वर पिवळं नाही, खाली काळं नाही. सगळं एकसारखं गढूळ, शिळ्या ताकासारखं. बरणीत थोडं घेऊन मिथेनॉलमध्ये घालून पाहिलं. चांगलं झालेलं असतं तर विरघळून गेलं असतं. तेलाचा गोळा तळाशी जाऊन बसला. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आलं, की बघ, मी म्हणत नव्हते! आपला एवढा मोठा वाद मी जिंकले होते, आणि शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी त्या टाकीकडे बघून मोठ्याने "बघ" म्हणाले. मग बरणी धुवून ठेवली.

मग मी आजूबाजूला बघायला लागले. तेल वाळवायचं पातेलं साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी घासून पालथं घातलं होतं, ते तसंच पालथं होतं, लखलखीत. तवा खिळ्याला, त्यावर मी पुसलेल्या फडक्याचे धागेसुद्धा तसेच. तेलाचे रिकामे डबे सरळ टाकीपाशी. म्हणजे तू तेल वाळवलंच नव्हतंस. डब्यातून थेट टाकीत. तू! नातवंडाला पावसातून आल्यावर पुसावं तसा तू तेलाला जपणारा, टिपूसभर ओल राहिली तर मला चार दिवस टोमणे मारणारा. माझा विश्वास बसेना.

आणि मग खुर्ची दिसली.

टाकळकरांच्या ऑफिसातली ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची, एक हात तुटलेली. ती तू इतक्या लांबून ओढत आणली होतीस टाकीपर्यंत. फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे होते. खाली पाण्याची बाटली आणि अॅसिडिटीच्या पावडरीच्या फाडलेल्या पुड्या.

तू विसरला नव्हतास, दत्ता. तेल वाळवायचं तर त्या उष्णतेत पातेल्यापाशी उभं राहावं लागतं. तुला उभं राहवत नव्हतं.

मी तिथे किती वेळ होते ठाऊक नाही. मला तुझा राग आला, एवढं आठवतंय, आणि इतक्या दिवसांनी काहीतरी आलं म्हणून बरंही वाटलं. फोन का नाही केलास? तळेगाव काय लंडनला आहे? अर्धवट जेवण टाकून आले असते. रिक्षात घालून नेलं असतं, वाटेत भांडले असते, पण नेलं असतं. टाकी उद्या लागली असती. ओढा एवढी वर्षं थांबलाय, आणखी एक दिवस थांबला असता. छातीत कळा येत असताना खुर्ची ओढत आणायला ताकद होती आणि खिशातला फोन काढायला नव्हती?

संध्याकाळी टाकळकर आले. टाकीत डोकावले आणि म्हणाले, "म्हणजे फेल ना, मॅडम?"

"टाकी फेल. पद्धत नाही."

"अहो, तुम्हीच म्हणत होता की हे चालायचं नाही."

"म्हणत होते. तेल ओलं राहिलं तर चालायचं नाही, असं म्हणत होते. दत्ताने कधी ओलं राहू दिलं नाही. ह्या वेळी राहिलं, ते का राहिलं ते बघा." आणि मी खुर्चीकडे बोट केलं.

त्यांनी खुर्ची बघितली, पुड्या बघितल्या. हळूच "च्यायला" म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "आणखी एक लावा. पण ह्या वेळी तुम्ही लावा मॅडम." तुझ्या बाजूने मी पहिल्यांदा भांडले, दत्ता, आणि ते ऐकायला तू नव्हतास. तुझी गढूळ टाकी ड्रममध्ये उपसून ठेवली आहे. तिचं पुढे बघू.

काळेवाडीच्या भुर्जीवाल्याकडे पोतं भरून तयार होतं. "साहेब गावाला गेलेत का?" त्याने विचारलं. गिऱ्हाइकं उभी होती, कांदा चरचरत होता. मी "हो" म्हणाले आणि पोतं उचललं. पुढच्या खेपेला सांगेन.

तुझ्या घरून वहिनींचा फोन आला, "गच्चीवरची ह्यांची टरफलं घेऊन जावा, आभाळ आलंय." मला वाटलं, बाईंना तो पसारा नकोसा झाला असेल. गेले तर जुन्या लुगड्यावर टरफलं पसरलेली, एकेक धुतलेलं, आतला पापुद्रा सोलून काढलेला. तू काढायचास त्याहून स्वच्छ. वहिनींच्या बोटांना अजून वास येत होता. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही कशाला हात लावलात? माळ आहे तुमच्या गळ्यात."

"ते धूत होते. आता कोण धुनार?" म्हणाल्या. मग, "वास लई येतो वो. ह्यांना येत नव्हता का?"

"येत होता की. नाक दाबून धुवायचा."

त्यावर आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांचं रडण्यात गेलं, माझं नाही गेलं. मी टरफलं गोळा करत राहिले. निघताना त्यांनी पापडाचा डबा हातात दिला. "झाकण घट्ट लावत जा, ह्यांचं ध्यान नसायचं," म्हणाल्या. हे खोटं आहे. तुझं ध्यान असायचं.

आणि काल टाकी लावली. टरफलं भाजली, पूड केली. पातेलं सरळ करून तेल तापत ठेवलं. तुझ्या जागी उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. तडतड सुरू झाली. माझे गुडघे तुला माहीत आहेत. थोड्या वेळाने मी चौकटीकडे बघितलं, टेकावं म्हणून, तर शेजारी ती खुर्ची. कुणी हलवलीच नव्हती.

टाकी लागली, दत्ता. आज सकाळी उघडली तर खाली काळं, वर पिवळं, मधली रेघ अशी की फुटपट्टी लावावी. आता हे तुझ्या भुशातून गाळणार आहे, आधी धुणार नाही. चुना राहिला तर मग मी आहे आणि तू आहेस. टाकळकरांनी बाटली उन्हात धरून बघितली आणि कॉस्टिकवाल्याला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. तुला हे ऐकायचं असणार, म्हणून सांगितलं. पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे.

काल तेल वाळत असताना मी त्या खुर्चीत बसले. बसले ती शेवटपर्यंत बसूनच राहिले. आधी मोठी तडतड, मग बारीक, मग मधूनच एखादी, आणि मग काही नाही. तेव्हा उठून तवा तापवला, थेंब टाकला. गप्प पडून राहिला.

बसूनही ऐकू येतं रे, मेल्या. सगळं ऐकू येतं. बसायचं होतंस की.